बेळगाव आणि परबांची मोटारसायकल

लालबागच्या त्या चाळीत तळमजल्यावर दोन परब राहत. एक भिकाजी परब आणि दुसरे मोटारसायकलवाले परब. नव्या पोस्टमनलाही असंच सांगितलं जाई. ह्या मोटारसायकलवाल्या परबांना मोटारसायकलवर बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. घोडपदेवला राहणारे तरी कुठे घोड्यावरून कामाला जातात?

मोटारसायकल होती मात्र खरी. दहा बाय बाराच्या खोलीत, खाटेला लागून, विटांवर तिचा सांगाडा उभा होता. चाकं भिंतीवर टांगलेली, इंजिन गोणपाटात गुंडाळून मोरीच्या कडेला, आणि बाकीचं सामान बिस्किटांच्या डब्यांत भरून खाटेखाली. उरलेल्या जागेत गुणाजी परब, त्यांची बायको शेवंती आणि मुलगी कांता यांचा संसार होता.

गाडी घरात आली तेव्हा कांता आठ-नऊ वर्षांची होती. गुणाजी मिलच्या साचेखात्यात मागांचा फिटर. तिथला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, आणि जाताना आपली बंद पडलेली मोटारसायकल गुणाजीला बक्षीस देऊन गेला. चार दोस्तांनी ती परळहून लालबागपर्यंत ढकलत आणली. वाटेत लोक विचारत, कुणाची? चौघंही ओरडून सांगत, परबांची! शेवंतीने दारात गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पहिल्याच रविवारी गुणाजीने ती उघडली. त्याला इतका हुरूप आला होता की संध्याकाळपर्यंत एक स्क्रू दुसऱ्याला लागून राहिला नाही. त्या दिवशी घरातली माणसं उंबऱ्यावर बसून जेवली.

"पुढच्या आयतवारी बसवतंय," गुणाजी म्हणाला.

पुढच्या रविवारी कुणाचं तरी लग्न निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी भजन होतं. मग गणपती आले, मग शिमगा आला, आणि मग पुढचा आयतवार म्हणजे नक्की कुठला, हे विचारायचं शेवंतीने सोडून दिलं. ती स्वतः मिलच्या वायंडिंग खात्यात कामाला होती. दिवसभर तुटलेले धागे जोडायचे आणि घरी आल्यावर सुटं लोखंड पुसायचं, हा तिचा शिरस्ता झाला. बाईमाणूस घरात काही निरुपयोगी ठेवत नाही. क्लचची एक प्लेट तापलेल्या टोपाखाली ठेवायला बरी पडली. किकचा दांडा खलबत्त्यात कुटायला लागला, कारण खलबत्त्याचा मूळ दस्ता शेजारी गेला होता तो परत आला नव्हता. साखळीने पाण्याच्या पिंपाचं झाकण बांधलं जाई. दसऱ्याला मात्र सगळं जागच्या जागी ठेवून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून साग्रसंगीत पूजा व्हायची. गुणाजी हात जोडून गाडीपुढे उभा राहायचा तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असे. त्या चेहऱ्याकडे बघून शेवंतीचा राग निम्मा उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी केर काढताना पूर्ववत चढायचा.

असं चाललं असताना छप्पन्न साल उजाडलं.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटून उठलं. रस्त्यावर गोळ्या चालल्या. चाळीतला एक पोरगा दंडाला गोळी लागून इस्पितळात पडला, आणि बाजूच्या चाळीतला एक घरी परत आलाच नाही. त्या दिवसांत कुणी थट्टा करत नसे. चाळीच्या चौकात सभा भरली. अध्यक्ष होते वरच्या मजल्यावरचे तात्या, मिलच्या हापिसातून निवृत्त झालेले. तात्यांनी शपथ घेतली की संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय दाढी करणार नाही. मग एकेक जण उठू लागला. कुणी चपला सोडल्या, कुणी विडी सोडली. गुणाजीच्या शेजारी बसलेल्या दगडूने चहा सोडला. (तिसऱ्या दिवसापासून तो गुळाचा चहा पिऊ लागला. गुळाचा तो काढा, त्याला चहा म्हणत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.)

"गुणाजी, तुम्ही काय सोडणार?" तात्यांनी विचारलं.

गुणाजी उभा राहिला. त्याला विडीचं व्यसन नव्हतं, चहा सोडवणार नव्हता आणि दाढी तर तात्यांनी आधीच घेतली होती. सगळा चौक त्याच्याकडे बघत होता. तो छाती काढून म्हणाला, "संपूर्ण संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय मी माझ्या मोटारसायकलला हात लावणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोटारसायकल सोडणारा माणूस त्या मुलखात दुसरा नव्हता. "संपूर्ण" हा शब्द त्याने नुसता वजनासाठी घातला होता, पण तोही लोकांना आवडला. फक्त दारात उभ्या असलेल्या शेवंतीने टाळी वाजवली नाही. सात वर्षं हात न लावणारा माणूस आता हात न लावण्याची शपथ घेतोय, हे तिच्या डोक्यात लख्ख शिरलं होतं. पण गोळ्या चालताहेत अशा वेळी बोलणार काय आणि कुणाला?

गुणाजीने शपथ तंतोतंत पाळली, हे कबूल केलं पाहिजे. हात लावणार नाही म्हणजे नाही. हँडलवर त्याचा सदरा वाळत असला तरी तो शेवंतीला हाक मारी. चुना काढताना त्याने खोलीची सगळी भिंत रंगवली आणि टांगलेल्या चाकांमागची दोन वर्तुळं तशीच ठेवली. चाळीतल्या पोरांनी त्या गाडीवर बसून कोल्हापूर गाठलं, बायकांनी तिच्यावर कुरडया वाळवल्या. तिला न शिवलेला असा चाळीत एकच माणूस होता, तिचा मालक.

एकोणसाठ साली कांताचं लग्न झालं. दिली चिंचपोकळीला, तशी हाकेच्या अंतरावर. मुलीच्या बापाकडे मोटारसायकल आहे, हे ऐकून सोयरीक जुळायला जराशी मदतच झाली होती. आणि साठच्या चैत्रात निरोप आला की कांताला दिवस गेलेत, आता सातवा लागेल.

शेवंतीच्या डोळ्यांना धार लागली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, त्यामुळे कांताच्या वेळी तिला माहेर नव्हतं. कणकवलीकडच्या सासरच्या घरात, परक्या बायकांमध्ये ती बाळंत झाली. त्यांनी वाईट केलं नाही. पेज दिली, शेक दिला. पण भीती वाटते का गो, असं विचारणारं एक माणूस उशाशी नव्हतं, आणि ती गोष्ट वीस वर्षांत तिच्या मनातून गेली नव्हती. कांताचं पहिलं बाळंतपण आपल्या घरी, आपल्या हातून व्हायचं, एवढं एकच तिला आयुष्याकडून हवं होतं.

कांताची सासू गंगुबाई जागा बघायला आली. बाई वाईट नव्हती, पण डोळे उघडे ठेवून फिरणारी होती. तिने दारात उभं राहून खाट पाहिली, मोरी पाहिली, मोटारसायकल पाहिली.

"पयला बाळंतपण म्हायेराक, ह्या माका मान्य," ती म्हणाली. "पण बाळंतीण निजतली खय? गाडीवर?"

शेवंतीने हँडलवरचा सदरा काढून घेतला.

"फुडल्या म्हयन्याच्या अखेरीक बगू. जागा झाली तर आणून सोडतंय. नायतर आमच्याकडेच करूया. माका कायव जड नाय."

तिला जड नव्हतं, हेच तर शेवंतीला झोंबलं.

पण शेवंतीला एक आशा होती, कारण एक मे जवळ आला होता. महाराष्ट्र होणार हे ठरलं होतं. झालाही. लालबागला त्या दिवशी घरोघरी गुढ्या, तोरणं, लेझीम, पेढे. तात्यांची दाढी चौकात खुर्ची मांडून काढण्यात आली. आतून निघालेला चेहरा इतका लहान होता की त्यांच्या नातवाने भोकाड पसरलं. दगडूने सर्वांदेखत साखरेचा चहा घेतला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या हातात नारळ घेऊन, मागे आठ-दहा माणसं घेऊन परबांच्या दारात आले.

"गुणाजी, शपथ पुरी झाली. लावा हात!"

शेवंतीने पदर खोचला. गुणाजीने गाडीकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "बेळगाव?"

"काय बेळगाव?"

"बेळगाव खय आसा? कारवार? निपाणी? मी 'संपूर्ण' म्हटलेलंय, तात्यानू. सगळ्यांनी आयकला हा."

बेळगाव नसलं तरी चालेल, असं म्हणणारा माणूस त्या चाळीत अजून जन्माला यायचा होता. तात्यांनी आपल्या गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला आणि त्यांना घाईघाईत काढलेल्या दाढीबद्दल अपराधी वाटू लागलं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले, आणि नारळ घेऊन वर गेले.

शेवंतीने भांडं आपटलं नाही की तोंड केलं नाही. "बेळगाव कधी येतला?" एवढंच तिने विचारलं.

"ता सरकार बघीत."

"आणि कांता?"

गुणाजी मान खाली घालून कामाला निघाला. मुलगी त्याचीही होती.

रविवारी शेवंतीने चूल लवकर आटोपली. खाटेखालचे डबे ओढून बाहेर काढले, परातीत रॉकेल ओतलं, कासोटा घट्ट केला आणि सांगाड्यासमोर बसली.

"तुमी हात लावू नकात," ती म्हणाली. "तुमची शपथ तुमका लखलाभ. हात मी लावतंय. खय काय बसता ता तुमी नुसता तोंडान सांगा."

"तू?"

"माका इंजिन नको, बिंजिन नको. दोन चाकां बसली पायजेत. चाकां बसली की ह्या धूड जिन्याखाली ढकलूचा आणि हय कांताक निजवूची."

गुणाजी खाटेवर बसला. हात चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून त्याने ते मांड्यांखाली दाबून धरले. "डावीकडचो मोठो डबो," तो म्हणाला. "त्यात लांब बोल्ट आसा. पितळेचो वायसर लागलेलो." शेवंतीने हात घातला. पितळेचा वायसर लागलेला लांब बोल्ट हाताला आला.

तिला वाटलं होतं, माणूस थापा मारत आला, आता उघडा पडेल. तसं झालं नाही. डबा बंद असतानाही कुठली वस्तू कुठल्या थराला आहे, हे तो सांगत होता. शेवंती विचारी, ह्या फुलपात्रासारख्या काय? ह्या झाऱ्यासारख्या खय लावू? तो न हसता सांगे. दिवसभराच्या पाळीनंतर दोघं रोज तासभर असे बसू लागले. पुढचं चाक लागलं. मागचं लागलं. इंजिन भुईवर ठेवलं तरी जागा अडवणारच, म्हणून दगडूच्या बायकोला हाताशी घेऊन तेही वर चढवलं. मग ओघानेच बाकीचं आलं. खलबत्ता पुन्हा बिनदस्त्याचा झाला. पिंपाचं झाकण मोकळं राहिलं. टोपाखालची प्लेट निघाली, आणि फडताळावर एक गोल डाग पडला.

टायरांचं काय करायचं, हा प्रश्न आला. आतल्या ट्यूबा हाताला लागताच भुगा होऊन पडल्या. शेवंतीने जरा विचार केला. मग आपली दोन जुनी लुगडी काढली, पिळा घातला, आणि पाण्याच्या हंड्याखाली डोक्यावर ठेवायला चुंबळ करतात तशी एक भली मोठी चुंबळ वळून टायरात कोंबली.

"टायरात लुगडा?" गुणाजीने कळवळून विचारलं.

"गाडी खय लंडनाक जातली? जिन्याखाली तर जातली."

दुसऱ्या चाकातही लुगडं गेलं. गाडी विटांवरून उतरली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या पायांवर उभी राहिली. शेवंतीने हात पुसले. तिच्या मनात गेले काही दिवस जे घोळत होतं ते तिने विचारून टाकलं.

"इतक्या सगळ्या ठावक आसा तुमका. मग केलात कित्याक नाय?"

गुणाजीने मांड्यांखालचे हात काढून मांडीवर ठेवले.

"बसवली आणि चालू झाली नाय तर?"

"तर काय?"

"तर ता भंगार, गो. आता ती मोटारसायकल आसा."

शेवंतीला त्याचा इतका राग आला की परात त्याच्या डोक्यात घालावी, आणि त्याच वेळी इतकी दया आली की काय करावं ते सुचेना. अकरा वर्षं तिने अंग चोरून ह्या खोलीत वावर केला, तो एका माणसाच्या भीतीपायी. पण मिलमध्ये साच्याच्या तेलाने माखणाऱ्या आणि बाहेर कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या त्या माणसाला रस्त्यात लोक "काय मोटारसायकलवाले!" म्हणून हाक मारत, तेव्हा तो कसा ताठ चालायचा, हेही तिने पाहिलं होतं. ती रॉकेल बाहेर ओतून आली.

महिनाअखेरच्या रविवारी गाडी बाहेर काढायची ठरली. संध्याकाळी गंगुबाई येणार होती. बघायला अख्खी चाळ लोटली. दगडूने बाहेरून हँडल धरलं. आत गाडीच्या मागे एकाच माणसाला रेटता येईल एवढी रुंदी होती. तिथे शेवंती उभी राहिली, आणि तिच्या मागे, हात पाठीशी बांधून, गुणाजी.

पुढचं चाक उंबरा ओलांडून गेलं. मागचं अडलं. उंबरा दगडी आणि उंच होता, आणि लुगड्यावर चालणारं चाक फुगलेल्या चाकासारखं उसळत नाही.

"रेटा मागसून!" दगडू ओरडला.

शेवंतीने रेटलं. गाडी चढली, डुगडुगली आणि मागे आली. शेवंतीचे पाय लादीवरून घसरले. ते सगळं लोखंड तिच्या छातीवर रेलू लागलं. तेवढ्यात तिच्या पाठीवर, लुगड्याच्या पदरावर, दोन रुंद हात येऊन टेकले आणि त्यांनी तिला सर्व ताकदीनिशी पुढे लोटलं. शेवंती गाडीवर लोटली गेली, गाडी उंबऱ्यावरून गेली आणि दगडूला घेऊनच चौकात उतरली.

"परबानू, हात लावलात!" दगडू पडल्या पडल्या ओरडला. "बेळगाव गेला!"

"गाडीक खय लावलंय?" गुणाजी धापा टाकत म्हणाला. "बायलेक लावलंय."

चौकात असा हशा उसळला की वरच्या मजल्यावरचे लोक पुन्हा एकदा कठड्याशी धावले. बायकांनी पदर तोंडात कोंबले. एवढ्या वर्षांच्या संसारात उखाण्याखेरीज चारचौघांत शेवंतीचं नावसुद्धा न घेतलेला माणूस, त्याने भर चौकासमोर तिच्या पाठीला हात लावला होता आणि वर तोंडाने सांगितलंही होतं. शेवंतीचे कान तापले. तिला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. आणि बरंही वाटलं.

गाडी जिन्याखाली उभी राहिली. सगळी लावलेली, पुसलेली, काळीभोर. मोटारसायकल म्हणतात ती हीच, असं कुणीही म्हटलं असतं. तात्यांना राहवलं नाही. ते नारळ घेऊन आले.

"आता एक किक होऊन जाऊ द्या! परबांनी नको, दगडू मारेल!"

"मारतंय!" दगडू म्हणाला. "पेट्रोल आणतंय कोपऱ्यावरसून!" पोरांनी गिल्ला केला.

शेवंतीने गुणाजीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता एक लाथ बसणार, आणि गाडी फुरफुरणार नाही, आणि मग तो भिकाजी परबांच्या शेजारी राहणारा नुसता एक परब होणार. हे त्या गर्दीत तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती पुढे झाली आणि सीटवर हात ठेवून उभी राहिली.

"किक मारूची नाय," ती म्हणाली. "घरधनी 'संपूर्ण' म्हणाले हत. मी हात लावलंय तो लेकीसाठी लावलंय. पण गाडी चालू होतली ती बेळगाव इल्यावर. निपाणी इल्यावर, कारवार इल्यावर. तवसर कोणी हिका पाय लावलो तर माझ्याशी गाठ आसा."

तात्यांनी टोपी काढून तिला हात जोडले. दगडू मागे सरला. नारळ मात्र फोडला, कारण आणलेला नारळ दुसऱ्यांदा परत नेऊ नये.

गुणाजीने एकदा बायकोकडे पाहिलं आणि हात धुवायला नळावर निघून गेला. त्याचे हात स्वच्छ होते. तरी तो बराच वेळ धूत बसला.

संध्याकाळी गंगुबाई कांताला घेऊन आली. जिन्याखाली थांबून तिने गाडी पाहिली, मग आत येऊन खोली पाहिली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. बोलण्यासारखं काही सापडेना. तिने कांताची वळकटी आणि पत्र्याची पेटी खाली ठेवली, "ऐसपैस आसा," म्हणाली, चहा घेतला आणि बारशाला बोलवा असं सांगून गेली.

कांता खाटेवर आडवी झाली. "आये, माका भीती वाटता गो," ती हळूच म्हणाली, जसं काही तिला कुणी विचारलंच होतं.

"वाटूंदे," शेवंती म्हणाली. "मी आसंय हय."

मग ती खाटेच्या उशाशी, भिंतीला टेकून, त्या नव्याने झालेल्या जागेत बसली. कंबर सैल सोडली आणि दोन्ही पाय सरळ लांब पसरले. ते कशालाही लागले नाहीत. एवढी लांबलचक ती ह्या खोलीत कधी बसली नव्हती.

गुणाजी खाटेच्या त्या बाजूने आला. "पाय आवर गो," तो म्हणाला. "माका मोरीत जावचा आसा."

"पलीकडसून जावा," शेवंती म्हणाली. "आज मी पाय आवरूचंय नाय."

गुणाजी पलीकडून गेला.